डिसेंबरमध्ये स्वेटर सुरू करू नका

वाचकाचं पत्र:

"ताई, नमस्कार. मी मुलुंडला राहते, गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झाले. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला विणकाम शिकले, पुढे आईच्या हाताखाली थोडं सुधारलं. दर डिसेंबरला हुक्की येते, लोकर आणते, स्वेटर सुरू करते आणि फेब्रुवारीत तो पिशवीत जातो. अशा तीन पिशव्या कपाटावर आहेत. एक यजमानांचा, एक माझा, एक भाच्याचा. भाचा आता नोकरीला लागला! पंखा फुल आणि मांडीवर लोकर असं बघून मुलगा म्हणतो, 'आई, मुंबईत हे घालणार कोण?' त्याचंही खरं आहे. पण हात स्वस्थ बसत नाहीत. लेकीला ऑगस्टमध्ये बाळ होणार आहे, तिच्यासाठीही काही करायचंय. वर्षभर विणायचं तर काय विणावं, आणि नवं काही सुचावं कसं? आणखी एक, आईच्या जुन्या सुयांवर 8 नंबर आहे. व्हिडिओतल्या बाई 8 नंबरची सुई म्हणतात ती हीच का? त्यांचं माप माझ्याकडे येतच नाही.
— तीन पिशव्यांची मालकीण, मुलुंड"

मुलुंडच्या ताई,

मुलाचा प्रश्न रास्त आहे. फक्त त्याचं उत्तर डिसेंबरात देता येत नाही, कारण तोवर उशीर झालेला असतो. तुमचे स्वेटर आळसामुळे अडलेले नाहीत, तारखेमुळे अडलेत. हिशेबच करू. यजमानांच्या स्वेटरचा घेर 100 सेंटीमीटर धरा. मध्यम जाडीची लोकर, 4 मिलिमीटरच्या सुया, 10 सेंटीमीटरमध्ये 22 टाके आणि 28 रांगा. पाठ-पोट मिळून 220 टाके झाले, 60 सेंटीमीटर उंचीला 168 रांगा. मुंढे आणि गळा वजा केला तरी 35 हजार टाके. दोन बाह्यांचे आणखी 15 हजार. मिनिटाला 20 टाके पडले तर हे झालं 40 तासांच्या वरचं काम, आणि त्यात शिवण, गळपट्टी, चुकलं म्हणून उसवणं धरलेलंच नाही. रोज एक तास निवांत मिळतो असं कोणत्या घरात होतं? त्यातून डिसेंबर म्हणजे लग्नसराई. पहिल्या तारखेला टाके घातले तरी स्वेटर अंगात जायला फेब्रुवारी उजाडणार, आणि मुंबईची थंडी तोवर गाशा गुंडाळून गेलेली असणार.

म्हणून मुंबईत विणायचं ते एक ऋतू आधी. पावसात थंडीचं, थंडीत उन्हाळ्याचं. आणि टाके घालण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहायच्या: कोणासाठी, आणि कोणत्या तारखेला हातात द्यायचं. ही तारीख नसेल तर चौथी पिशवी ठरलेली.

तुमचं पत्र मे महिन्यात आलंय, तेव्हा मेपासूनच सुरू करू. या उकाड्यात मोठं काही हाती घेऊ नका. घामट हातांना लोकर चिकटते, टाके सुईवर घट्ट बसतात आणि मांडीवरचा स्वेटर म्हणजे शिक्षाच. मे महिना उसवण्याचा. त्या तिन्ही पिशव्या खाली काढा. भाच्याचा स्वेटर तर बिनदिक्कत उसवा, तो मुलगा आता त्यात मावणार नाही. तुमचा स्वत:चा आवडत असेल तर ठेवा, यजमानांचं माप पुन्हा घ्या आणि मग ठरवा.

उसवलेली लोकर थेट गुंडाळायची नाही, तिला जुन्या टाक्यांचे वळसे पडलेले असतात. खुर्चीच्या पाठीला ती सैल गुंडाळत न्या, लडी तयार होते. चार ठिकाणी दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यानं ढिली बांधा. कोमट पाण्यात अर्धा तास बुडवा, पिळू नका, टॉवेलात दाबून पाणी काढा आणि सावलीत टांगा. खाली एखादा हलका हँगर अडकवला की वळसे सुटतात. मुंबईत लडी वाळायला मेसारखा महिना नाही. जुलैत हेच केलंत तर चौथ्या दिवशीही ती दमटच, वर वास.

लेबलं हरवली असतील तर लोकर खरी की ॲक्रिलिक हेही आत्ताच पाहून घ्या, कारण दुकानात लोकर म्हणून मिळतं त्यातलं पुष्कळसं ॲक्रिलिकच असतं. बोटभर तुकडा चिमट्यात धरून मोरीत, शेजारी पाणी ठेवून, पेटवा. खरी लोकर केस जळल्यासारखी वासते, ज्योत काढली की विझते आणि राख बोटांत चुरगळते. ॲक्रिलिक भराभर पेटतं, वितळतं आणि मागे कडक मणी उरतो. सुती दोरा कागदासारखा जळतो. ॲक्रिलिक वाईट असतं असं मी म्हणणार नाही. धुवायला सोपं, स्वस्त, कसर लागत नाही. पण त्याची गरम भांडी उचलायची फडकी कधी करू नका, आणि त्यावर इस्त्री तर मुळीच फिरवू नका. एकदा इस्त्री लागली की विणीतली उभारी जाते ती परत येत नाही.

आता बाळ. ते ऑगस्टमध्ये येतंय, म्हणजे तुमच्या हातात जून-जुलै आहे. बाळंतविड्यात लोकरीचं टोपडं, मोजे, स्वेटर हवेतच असं आपल्याकडे धरून चालतात आणि मग ऑगस्टच्या दमट हवेत तान्हं बाळ लोकरीत गुंडाळून लालबुंद होतं. सुती दोऱ्यातच विणा. टोपडं एक-दोनच पुरे, तेही बाहेर नेताना घालायला. झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपी आणि अंगावर सुटं दुपटं नको, हे बालरोगतज्ज्ञही सांगतात. विणलेलं दुपटं मांडीवर घेताना वापरा. जन्मत: बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 35 सेंटीमीटर असतो, सहा महिन्यांत 42-43 होतो. त्यामुळे सगळं तीन ते सहा महिन्यांच्या मापाचं करा. नवजात मापाचा सुंदर स्वेटर तीन आठवड्यांत आठवण म्हणून कपाटात जातो.

आणि मोजे विणलेत तर ते उलटे करून आत पाहा. आत लोंबणारा एकही दोरा राहता कामा नये. तो बाळाच्या पायाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्त अडतं, आणि बाळ का रडतंय ते कळत नाही. याच कारणानं बाळाच्या कपड्याला जाळीची वीण, रिबिनी आणि मणी मी टाळते. सुलट-उलट साधी वीण, खांद्यावर घट्ट शिवलेलं बटण, बस.

पाऊस लागला की मोठं काम काढा. माझ्या मते मुंबईतला विणकामाचा खरा मोसम जून ते सप्टेंबर. घराबाहेर पडवत नाही, दुपारी दिवे लावावे लागतात, हवा बरी असते. यजमानांचा स्वेटर तेव्हा सुरू केलात तर नोव्हेंबरात तयार होईल, मधले गणपतीचे दिवस सुट्टी धरूनसुद्धा. 'घालणार कोण' याचं उत्तर जुळवायलाही तेवढा वेळ हाताशी राहतो. नाशिकला, पुण्याला कोणी असेल, परदेशात भाचरं असतील, डिसेंबरात हिमाचलला जाणारे शेजारी असतील. 1962 च्या युद्धात देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले, ते काही स्वत:च्या गावात थंडी होती म्हणून नाही.

खुद्द मुंबईची थंडी म्हणाल, तर ती 25 डिसेंबर 2017 ला सुरू झाली असं मी धरते. त्या दिवशी पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल धावली. आता एसी लोकल, एसी ऑफिस, मल्टिप्लेक्स, सगळीकडे बायका ओढणी कानावरून घेऊन बसलेल्या दिसतात. त्यांना स्वेटर नको, स्टोल हवा. लेकीसाठी, मैत्रिणीसाठी पातळ दोऱ्याचा एक स्टोल करा. चार रांगांची एक जुनी नक्षी आहे, लाटांसारखी दिसते. 18 च्या पटीत टाके लागतात. 72 टाके आणि दोन्ही कडांना तीन-तीन, असे 78 घाला. कडांचे तीन टाके कायम सुलट. मधल्या टाक्यांत पहिली रांग सगळी सुलट, दुसरी सगळी उलट. तिसऱ्या रांगेत दोन-दोन टाके एकत्र विणायचे, असं तीनदा. मग दोरा पुढे घेऊन एक सुलट, असं सहादा. पुन्हा दोन-दोन एकत्र तीनदा. एवढ्यात 18 टाके संपतात आणि 18च परत मिळतात. हेच पुढे चारदा पुरं होईपर्यंत. चौथी रांग पुन्हा सगळी सुलट. म्हणजे चारांतली एकच रांग मोजावी लागते, बाकीच्या तीन मालिका बघत होतात. नक्षीच्या प्रत्येक पटीनंतर सुईत रंगीत दोऱ्याचं कडं अडकवा, चूक त्या 18 टाक्यांतच सापडते, सगळी रांग उसवावी लागत नाही.

लोकर नवी घ्यायची असेल तर सगळी एकदम घ्या, आणि प्रत्येक गुंड्यावरचा लॉट नंबर एकच आहे ना ते दुकानातच बघा. तोच रंग, तीच कंपनी, पण लॉट वेगळा, तर पाठीवर मधूनच पट्टा उमटतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो दिसत नाही, गच्चीत दिसतो. पावसात उरलेली लोकर बंद पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा. खऱ्या लोकरीत डांबरगोळ्या टाकणार असाल तर बाळाच्या कपड्यांपासून लांब.

ऑक्टोबर हीटचा मला सापडलेला एकच उपयोग: विणलेलं धुऊन वाळवणे. आडवं पसरून, सावलीत. टांगलं की लांबतं.

नोव्हेंबर-डिसेंबरात तुमच्या हाताला जी हुक्की येते ती दाबू नका, फक्त वळवा. ऑगस्टचं बाळ संक्रांतीला पाच महिन्यांचं होईल. पहिली संक्रांत, म्हणजे बोरन्हाण. त्याला काळं झबलं लागतं आणि बाजारात मिळतं ते बहुतेक टोचणाऱ्या सॅटिनचं, वर चिकटवलेली खडी. तुम्ही सुती दोऱ्यात विणा. बिनबाह्यांचं, खांद्यावर उघडणारं, घेर 46 ते 48 सेंटीमीटर. 22 टाक्यांच्या मापानं पुढचा भाग 52 टाक्यांत बसतो. आठवड्याचं काम. अंगभर साधी सुलट वीण ठेवा आणि पूर्ण झाल्यावर बोथट सुईत पांढरा दोरा ओवून, विणलेल्या टाक्याच्याच वाटेनं, इथे-तिथे एकेक टाका भरा. काळ्यावर पांढरे दाणे उमटतात, हलव्याचेच. दागिने खऱ्या हलव्याचे घालाल ते घाला, झबल्याला मणी नकोत, या वयात हाताला लागेल ते तोंडात जातं. काळा दोरा फक्त दिवसाउजेडी विणायचा, खिडकीपाशी, मांडीवर पांढरा टॉवेल पसरून. रात्री काळे टाके मोजणं म्हणजे डोळ्यांवर अन्याय, आणि सुटलेला टाका सकाळी दहा रांगा खाली सापडतो.

संक्रांत झाली की कपाटातली लोकर बंद. जानेवारी अखेरपासून सुती दोरा. मुंबईकर विणणाऱ्या बायका सुताला बिचकतात, कारण त्यांचा हात लोकरीवर बसलेला असतो. लोकर ताणली की परत येते, सूत येत नाही. लोकरीच्या सवयीनं विणलेली सुती कुर्ती पहिल्या धुण्यानंतर गुडघ्याकडे निघते. म्हणून कमरेची आणि गळ्याची एक सुलट एक उलट बॉर्डर नेहमीपेक्षा दोन नंबरांनी बारीक सुईवर घ्या, घेर अंगाबरोबर ठेवा, आणि नमुन्याचा तुकडा विणून, धुऊन, खाली दोन कपड्यांचे चिमटे लावून रात्रभर टांगा. सकाळी मोजाल ते खरं माप. सुताचं वजनही जास्त, तेव्हा बिनबाह्यांचं, आखूडच शोभतं. घाम शोषतं, धुवायला सोपं, एप्रिलमध्ये सुती कुर्तीवर बिनबाह्यांचं जाळीचं जाकीट चढवून लग्नाला गेलात तर चार बायका विचारतील.

सुताची सवय व्हावी म्हणून आधी हात पुसायचं फडकं करा. 45 टाके घाला. विषम संख्या हवीच. प्रत्येक रांग एक सुलट, एक उलट, शेवट सुलटवर. पुढची रांगही सुलटनंच सुरू. त्यामुळे सुलटवर उलट पडत जातो आणि साबुदाण्यासारखी दाणेदार वीण येते. दोन्हीकडून सारखी, कडा न वळणारी. असे चौकोन करताना लोकलमध्येही हात चालू ठेवता येतो. मात्र लांब सरळ सुया लेडीज डब्यात नकोत, शेजारणीच्या बरगडीत जातात. तारेनं जोडलेली गोल सुई घ्या, तिच्यावर सपाट विणकामही होतं. समोरची मेथी निवडत असेल तर तुमच्या विणण्याकडे कोणी ढुंकूनही बघणार नाही.

सुचत नाही म्हणता, ते मला पटत नाही. तुमच्याकडे साड्या आहेत ना? रंगांची जोडणी हा विणकामातला सगळ्यात अवघड भाग, आणि आपल्या विणकरांनी तो सोडवून ठेवलाय. इरकली, नारायणपेठ, खणाचा परकर, एकेक पलंगावर पसरा. अंगाचा रंग कोणता, काठ किती रुंद, काठात तिसरा रंग किती चिमूटभर आहे हे पाहा. तेच प्रमाण स्टोलात घ्या. मोरपंखी आणि राणी निम्मेनिम्मे घेतले तर भांडतात. काठाइतकीच राणी ठेवली तर खुलते. नक्षी हवी तर एका सकाळी चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडच्या इमारती बघत चाला, पुढे मरीन ड्राइव्हपर्यंत. आर्ट डेको शैलीच्या या इमारतींना, मैदानाच्या पलीकडच्या व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसकट, 2018 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलंय. खिडक्यांवरचे आडवे छज्जे म्हणजे तयार पट्टे, लोखंडी फाटकांवर नागमोडी आणि सूर्यकिरणांचे आकार. फोटो काढा, घरी येऊन चौकटीच्या वहीत एका चौकोनाला एक टाका धरून उतरवा. एक सांभाळा: विणलेला टाका उंचीपेक्षा रुंद असतो, त्यामुळे वहीतलं चित्र विणल्यावर थोडं बसकं दिसतं. उंचीत दर दहा रांगांमागे दोन-तीन रांगा जास्त घ्या. विदेशी स्नोफ्लेकचे नमुने मला मुंबईत जरा उपरेच वाटतात, पण हा माझा हट्ट.

राहिला सुयांचा प्रश्न. तुमचं माप न येण्याचं कारण तिथेच आहे. आईच्या सुयांवरचा नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचा, आणि त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. 8 म्हणजे 4 मिलिमीटर, 10 म्हणजे सव्वातीन, 12 म्हणजे पावणेतीन. अमेरिकन पद्धत नेमकी उलट, तिथे नंबर वाढला की सुई जाड, आणि त्यांची 8 नंबरची सुई 5 मिलिमीटरची. व्हिडिओतल्या बाई अमेरिकन असतील तर त्यांच्या टाक्यांचं माप तुमच्या 4 मिलिमीटरच्या सुईवर येणारच नाही. 10 सेंटीमीटरला दोन टाक्यांचा फरक किरकोळ वाटतो. 220 टाक्यांच्या स्वेटरमध्ये 22 ऐवजी 20 टाके पडले तर घेर 100 ऐवजी 110 होतो. नंबर विसरा, मिलिमीटर बघा. भोकांची सुईमापक पट्टी विणकामाच्या दुकानात मिळते, ती घेऊन आईच्या सगळ्या सुया एकदा मोजा आणि डोक्याशी नेलपॉलिशनं खूण करून ठेवा. त्यातल्या ॲल्युमिनियमच्या सुयांचा मुलामा उडाला असेल तर पांढऱ्या आणि फिक्या दोऱ्याला करडा डाग लागतो. तेवढ्या काळ्या झबल्यासाठी वेगळ्या काढा.